उस्ताद पुढे सोडत नाही

"आज पण ‘अ’च. उस्ताद काही पुढे सोडत नाही."

नामदेवराव हे ओठातल्या ओठात पुटपुटले. पण सत्यवतीबाई त्यांच्या खुर्चीपासून दीड हातावर चटईवर पडल्या होत्या, आणि सेहेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं ओठातल्या ओठातलंच बोलणं त्यांना जास्त ऐकू येऊ लागलं होतं. मोठ्यानं बोलायचं ते सगळं मराठी मंडळात जायचं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुपारचे तीन वाजले होते. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातलं ते दुसऱ्या मजल्यावरचं घर या वेळी अर्धं झोपेत आणि अर्धं काचीगुडा स्टेशनात असायचं. वारा तिकडचा असला की गाड्यांच्या घोषणा तुकड्यातुकड्यानं खिडकीतून आत यायच्या. आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि तिन्ही भाषांत गाडी उशिराच असायची. पंखा फिरत होता. सत्यवतीबाईंना वाटत होतं की आपण कुठल्यातरी थांबलेल्या डब्यात निजलोय आणि स्टेशनच हळूहळू मागे सरकतंय.

उस्ताद म्हणजे कॉम्प्युटर. देशाची दारं उघडली, परदेशातून काय काय आलं म्हणतात, त्यातलं या घरात आलं ते एवढंच: एक मोठा डबा, त्याच्यापुढे एक छोटा उंदीर, आणि टेलिफोनची तार पळवून नेणारी एक पेटी. ती पेटी सुरू होताना किर्रर्र ओरडायची आणि मग तासभर घरचा फोन मुका व्हायचा. डब्यावर सत्यवतीबाईंनी जुन्या इरकलीचं झाकण शिवलं होतं. एवढं शिकलेलं यंत्र, उघडंवाघडं बसायला नको.

मुलगा शशिकांत माधापूरकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. घरबसल्या भाषा शिकवणारी एक शाळा ती कंपनी इंटरनेटवर उभारत होती, आणि शशीनं साहेबांच्या मागे लागून पहिला प्रयोग मराठीचा ठरवला होता. मंडळातल्या तीस पोरांची नावं नोंदवली. ही पोरं घरात मराठी बोलायची, पण वाचायचं म्हटलं की पळायची. शशीची स्नेहा अकरा वर्षांची, त्यांच्यातलीच. "आज्जी, तूच वाच ना. मला ते तारेवर लटकलेले अक्षर नक्को," म्हणायची.

एकतिसावं नाव नामदेवरावांचं होतं. "मुलांच्या हातात देण्याआधी मी स्वतः तपासून देतो," असं त्यांनी भर सभेत सांगितलं आणि टाळ्या पडल्या. बरोबरच होतं. मंडळाचा बारा वर्षांचा अध्यक्ष, त्याच्याहून जाणता तपासनीस कोण?

आता त्या घरात कुणी कधी न बोललेली गोष्ट इथे सांगावी लागेल. नामदेवरावांना मराठी वाचता येत नव्हतं.

यात चूक कुणाचीच नव्हती, असली तर काळाची. त्यांचं गाव उदगीरकडचं. निजामाच्या राज्यात तिथली शाळा उर्दू. मुलतानी माती फासलेली लाकडी तख्ती, बोरूची लेखणी, आणि मौलवीसाहेबांच्या छडीखाली महिना-महिना घोटलेला एकच अलिफ, उर्दूतलं पहिलं अक्षर. पंधराव्या वर्षी राज्य गेलं आणि शाळाही बदलली. पण तोवर ते हैदराबादला चुलत्याकडे आले होते. पुढे काचीगुड्याच्या पार्सल ऑफिसात चिकटले. तिथे फॉर्म इंग्रजी आणि भांडणं उर्दू. मराठीची गरज घरी, आणि घरी ती तोंडीच लागायची. स्टेशनच्या पाटीवरचं ‘काचीगुडा’ ते ओळखायचे, पण ओळखीचा चेहरा ओळखावा तसं. त्यातलं नाक कुठलं आणि कान कुठला ते नाही.

सत्यवतीबाई आठ वर्षांनी लहान, परभणीच्या. त्यांच्या वेळी शाळा मराठी झाली होती, त्या सातवी पास होत्या. म्हणजे नवराबायकोची भाषा एक आणि अक्षरं दोन. एकाची ओळ उजवीकडून निघायची, दुसरीची डावीकडून, आणि मध्ये कुठेतरी दोघांची भेट व्हायची.

लग्नानंतर आठव्या दिवशी गावाहून पत्र आलं. पंचविशीतले नामदेवराव म्हणाले, "वाच बरं, चष्मा कुठं ठेवलाय सापडेना." घरात चष्माच नव्हता. सत्यवतीबाईंनी पत्र वाचलं, शेवटी "सर्वांस आशीर्वाद" म्हटलं, घडी घातली आणि त्यावर पुढं आयुष्यभर काही विचारलं नाही. खरा चष्मा वीस वर्षांनी आला.

सुलतान बाजारातून ते रोज आदल्या दिवशीचा मराठी पेपर आणायचे. काखेत मारून मंडळात जायचे, घरी येऊन बायकोपुढे ठेवायचे. मंडळात इतिवृत्त चिटणीस वाचायचे. अध्यक्षांचं भाषण हातात कागद न घेता व्हायचं, आणि "काय पाठांतर आहे!" असं लोक म्हणायचे. शशी मित्रांना कौतुकानं सांगायचा, "आमचे बाबा उर्दूसुद्धा वाचतात." त्या ‘सुद्धा’वर नामदेवराव पाणी मागायचे.

आणि दुपारी सत्यवतीबाई त्यांना पुस्तक वाचून दाखवायच्या. सुरुवातीला छापलंय तसंच वाचायच्या. मग एका कादंबरीत बाराव्या प्रकरणात नायिका क्षयानं मरायला लागली. नामदेवरावांना त्या दिवशी ताप होता. सत्यवतीबाईंनी तिला मिरजेच्या दवाखान्यात पाठवून बरी करून आणली. एकदा हात बसल्यावर मग थांबतंय कोण! सासवा माफी मागू लागल्या, हरवलेली भावंडं सापडू लागली. गेली अकरा वर्षं तर पुस्तक नुसतं मांडीवर उघडं असायचं, आणि गोदावरीकाठच्या एका मुलीची गोष्ट चालू होती जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. वरची पुस्तकं बदलायची. मुलगी तीच. नामदेवरावांनी कधी विचारलं नाही की हे पुस्तक संपत कसं नाही.

पण महिनाभर ती मुलगी नदीच्या अलीकडेच उभी होती. दुपार उस्तादानं घेतली होती.

---

रविवारी सकाळी शशिकांत एक छापील कागद घेऊन स्वयंपाकघरात आला आणि भाजी निवडणाऱ्या आईसमोर पाटावर बसला. तो पाटावर बसला की काहीतरी वाईट सांगायचं असतं, हे तिला त्याच्या दहावीपासून माहीत होतं.

"आई, बाबांना अलीकडे विसरायला होतं का गं?"

"मलाच विसरलेत. महिना झाला, पेपर वाचला का म्हणून विचारलं नाही."

"मस्करी नको. हे बघ." त्यानं कागद पुढे केला. कोण शिकणारा कुठल्या पानावर किती वेळ थांबला, याची सगळी नोंद कंपनीत उमटायची. "मुलं नवव्या, दहाव्या धड्यावर पोचलीत. बाबा सव्वीस दिवस पहिल्याच धड्यावर आहेत. ‘अ, अननस’. दुसरं पान त्यांनी एकदाही उघडलेलं नाही. ‘अ’ बघतात, पुस्तक मिटवतात, परत उघडतात, परत ‘अ’. दोनशे चौदा वेळा."

"तपासत असतील."

"आई, दोनशे चौदा वेळा?" त्याचा आवाज खाली आला. "मी कंपनीत मुद्दाम बटणावर एक अक्षर ठेवू दिलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून नुसतं पुस्तकाचं चित्र. दोन्हीकडे पानाचे कोपरे दुमडलेले, कोपऱ्यावर टिचकी मारली की पान उलटतं. पाच वर्षांच्या पोरांना जमलं. बाबांना आठवतच नाहीये की आपण हे पान बघितलंय."

सूनबाई माधवी चहा गाळत होती. ती पुण्याची, सरळ बोलणारी. "गुरुवारची वेळ घेतलीये, आई. मेंदूच्या डॉक्टर आहेत, चांगल्या आहेत म्हणतात. आणि तोवर बाबांना एकटं सोडायचं नाही. सुलतान बाजार, स्टेशन, काही नाही. रस्ता विसरले तर?"

सत्यवतीबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. एकटं सोडायचं नाही म्हणजे त्या माणसाचं उरणार काय? रोजचा काचीगुड्यापर्यंतचा फेरा, इराण्याच्या हॉटेलातला उर्दू पेपर, जुन्या हमालांशी दोन शब्द. ते काढून घेतलं की मागे एक खुर्ची राहील आणि तिच्यात ठेवलेला एक माणूस.

"बाबांना सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं," शशी म्हणाला. "म्हणाले, बरं. वय झालंय."

---

हे ‘बरं’ सत्यवतीबाईंना खुपलं. भांडणाऱ्या नवऱ्याला त्या सांभाळून नेऊ शकत होत्या. ‘बरं’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

सोमवारी दुपारी पेटी किर्रर्र करून गप्प झाली, तेव्हा त्या चटईवर पडल्या नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसल्या. पडद्यावर निळं आकाश होतं, त्यात एक मिटलेलं पुस्तक तरंगत होतं, मुखपृष्ठावर कमळ. आवाज बंद होता. नामदेवराव तो पहिल्या दिवसापासून बंदच ठेवायचे, घराला ‘अ’ ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांनी कमळावर टिचकी मारली. पुस्तक उघडलं. एक भला मोठा ‘अ’, आणि बाजूला अननस.

ते बघत राहिले. ओठ हलले. मांडीवर पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी होती, तिच्यावर पेन्सिलीनं ‘अ’ काढला. तिरक्या कापलेल्या बोरूनं काढावा तसा, कुठे जाड, कुठे केसाइतका बारीक. इतका देखणा ‘अ’ सत्यवतीबाईंनी छापील पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. चिठ्ठी भरून ‘अ’ होते. पाखरांचा थवा बसावा तसे.

मग त्यांनी उंदीर सरकवला. डावीकडे. डावीकडच्या कोपऱ्यावर टिचकी मारली. पान उलटलं, पुस्तक मिटलं, कमळ आलं. त्यांनी कमळावर टिचकी मारली. ‘अ’ आला.

सत्यवतीबाईंना एकदम गार वाऱ्याची झुळूक लागल्यासारखं झालं. आयुष्यात या माणसानं जेवढी पुस्तकं उघडली, तेवढ्यांचं पुढचं पान डाव्या हाताला होतं. पुढे जायचं म्हणून तो सव्वीस दिवस मागे जात होता, आणि पुस्तक नम्रपणे मिटून घेत होतं. शशीनं सगळ्यांचा विचार केला होता. आपल्या बापाचा कसा करणार? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"रोज ‘अ’च येतो," नामदेवराव म्हणाले, तिच्याकडे न बघता. "मौलवीसाहेब पण असेच होते. अलिफ बसला नाही तोवर पुढं नाही. त्यांना कळायचं. याला पण कळत असेल."

"इकडून उलटून बघा की एकदा." त्यांनी उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. बोट काचेला लागेल म्हणून जरा लांबच धरलं.

"अगं, ते मागचं पान. पुस्तक मागून उघडतात का कुठं?"

ते वाक्य दोघांच्या मध्ये पडून राहिलं आणि दोघांनाही दिसत होतं. ‘अहो, तुमच्या पुस्तकांचं तसं असतं, आमच्या पुस्तकांचं उलटं,’ एवढं म्हणायचा अवकाश होता. पण हे म्हणायचं म्हणजे ते म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक काटा होता, तो त्यांनी स्वतःपासूनही लपवला होता. हा पुढे गेला, शिकला, तर एक दिवस मांडीवरचं पुस्तक हातात घेऊन म्हणेल, यात गोदावरीकाठची मुलगी कुठाय?

शाळेतून आलेली स्नेहा दप्तर टाकून आजोबांच्या खांद्यावरून वाकली. "आजोबा, तुम्ही बुक बंद कायकू करतात सारखं?"

"उजळणी गं," नामदेवराव म्हणाले आणि चिठ्ठी उलटी केली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दुपारी, डोळा लागला तेव्हा सत्यवतीबाईंना ते पुस्तक दिसलं. नदीएवढं होतं. डावीकडच्या पानावर त्या उभ्या होत्या, उजवीकडच्यावर ते, पार्सल ऑफिसचा खाकी कोट घालून, हातात कंदील. पाणी मधल्या घडीतून वाहत होतं. ते काहीतरी विचारत होते आणि त्या नेहमीसारख्या वाचून दाखवत होत्या, पण हातात कागद नव्हता. मग कुणीतरी कोपऱ्यावर टिचकी मारली आणि पान उलटू लागलं. जाग आली तेव्हा स्टेशनातून सांगत होते की गाडी लवकरच फलाटावर येत आहे.

---

गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर नामदेवराव धुतलेलं धोतर नेसून, काखेत पेपर मारून बसले होते. शशी कागद भरत होता.

"ती मुलगी कुठवर आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण मुलगी?"

"नदीवाली. महिना झाला, काठावर उभी आहे. पाय दुखत असतील तिचे."

सत्यवतीबाईंनी पदर सारखा केला. "पुस्तकात काय लिहिलंय ते बघावं लागेल."

"हौ. बघ," ते म्हणाले. "आणि लिहिणारीला सांग, बुडवू नको तिला."

त्यांनी चमकून वर पाहिलं. नामदेवराव समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन बघत होते. लिहिणारीला, म्हणाले होते ते.

"अहो," त्या म्हणाल्या. "शशीला मी सांगू का?"

"काय सांगणार?"

सेहेचाळीस वर्षं न वापरलेला शब्द ऐन वेळी गंजलेला निघतो. तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हैदराबादच्याच. "बैठो अंकल. आज कौनसा दिन?"

"जुमेरात."

"काचीगुडे के बाद कौनसा स्टेशन?"

"आपको जाना किधर है? इधर मलकपेट, उधर विद्यानगर."

बाई हसल्या. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आंबा, खुर्ची, किल्ली. मधे चार प्रश्न विचारून पुन्हा ते शब्द मागितले, तर नामदेवरावांनी तिन्ही सांगितले, वर म्हणाले, "चाबी कुर्सी पे रक्खे तो आम कहां रक्खे, ये नहीं बोले आप." शशी कपाळाला आठी घालून ऐकत होता, त्याचा हिशेब चुकत होता.

"पढ़ने का एक है बस," बाई म्हणाल्या आणि शशीकडे वळल्या. "कौनसी ज़बान पढ़ते ये?"

"मराठी," शशी म्हणाला. "पण हिंदी चलेगा. अक्षरं तीच." त्याला वाटलं, बाबांचं काम सोपं केलं.

बाईंनी एक पुठ्ठा नामदेवरावांपुढे सरकवला. "अंकल, इस पर जो लिखा है वो पढ़ो, और जैसा लिखा है वैसा करो."

पुठ्ठ्यावर मोठ्या ठळक अक्षरांत चार शब्द होते. पुढेमागे काही नाही: आँखें बंद कर लीजिए.

नामदेवरावांनी पुठ्ठा उचलला, हातभर लांब धरला, जवळ आणला. खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. खोलीत घड्याळ वाजत होतं. शशीच्या चेहऱ्यावर हळूहळू ती काळजी उमटली जी सत्यवतीबाईंनी रविवारी पाटावर पाहिली होती. बाईंनी पेन उचललं. एवढं एक चुकलं तर कागदावर काहीतरी लिहिलं जाणार होतं, आणि मग सुलतान बाजार नाही, स्टेशन नाही.

मग नामदेवराव बायकोकडे वळले. प्रत्येक पत्राच्या, प्रत्येक नोटिशीच्या, प्रत्येक लग्नपत्रिकेच्या वेळी वळायचे तसे.

सत्यवतीबाईंनी पुठ्ठा वाचला होता. त्यांनी काय करावं? आयुष्यभर केलं तेच केलं. त्याच्यासाठी वाचलं. खुर्चीत ताठ बसून, त्याला नीट दिसेल असे, सावकाश डोळे मिटले.

मिटल्यावर आत दुपारसारखा उजेड होता. पंख्याचा आवाज होता. नदी होती. त्या वाट बघत राहिल्या. त्यानं पाहिलंय, त्याला कळलंय, एवढं सोपं आहे, डोळे मीट, म्हाताऱ्या, आणि चल घरी, मी तुला पुढचं सांगते. पुठ्ठा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्याचे डोळे उघडेच असावेत. मग त्यांच्या हातावर त्याचा हात आला, चिठ्ठीभर ‘अ’ काढणारा.

"शशी, हे बघ," नामदेवरावांचा आवाज आला. ओठातल्या ओठातला नव्हता, आणि मंडळातलाही नव्हता. "हा पहिला ‘अ’ आहे. हा मला येतो. याच्या शेजारी काठीसारखं कुणीतरी उभं आहे, ते ठाऊक नाही. डोळे मिटायचेत, हे तुझ्या आईकडं बघून कळलं मला. पण मी मिटणार नाही. मला मराठी वाचता येत नाही, बाळा. कधीच येत नव्हतं."